हिमप्रदेशांतील प्राणी : शब्बाथशाळेसाठीं एक पाठ



शिरूर व दौंड या तालुक्यांतील आपल्या मुलांनीं बर्फ पाहिलेला असतो तो बहुधा दोनच प्रकारें : बाजाराच्या दिवशीं गोळेवाल्याच्या गाडीवर, आणि वळवाच्या पावसांत अंगणांत पडणाऱ्या गारांच्या रूपानें. वढू बुद्रुक येथें भीमेच्या कांठीं पौष महिन्यांत पहाटे गारठा पडला कीं आपण शेकोटी पेटवितों, घोंगडी गुंडाळून बसतों, व तेवढ्यानेंही आपल्यास हुडहुडी भरते. अशा मुलांस, जेथें कित्येक आठवडे सूर्य उगवत नाहीं व समुद्रसुद्धां गोठून जातो, त्या प्रदेशाची ओळख करून देणें सोपें नाहीं. तरीपण हा पाठ शिकविण्याजोगा आहे. ईयोबाच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या व एकोणचाळिसाव्या अध्यायांत परमेश्वर ईयोबास हिमाविषयीं, गारांविषयीं व रानांतील पशूंविषयीं एकामागून एक प्रश्न विचारितो, हें आपणांस ठाऊक आहे. ज्या प्राण्यांस मनुष्य खाऊं घालीत नाहीं, त्यांचीही काळजी घेणारा कोणी आहे, हें त्या प्रश्नांचें मर्म होय.

पाठाचा उद्देश

या पाठांत मुलांच्या मनावर दोन गोष्टी ठसवावयाच्या आहेत. पहिली ही कीं, प्रत्येक प्राण्याचें शरीर त्याच्या राहण्याच्या जागेस जुळलेलें असतें. म्हणून ती जागा बिघडली कीं तो प्राणीही संकटांत पडतो. दुसरी ही कीं, मनुष्य तसा एका जागेस जखडलेला नाहीं. म्हणून त्याच्यावरील जबाबदारी अधिक आहे. बाकीची माहिती या दोन गोष्टींच्या आधारासाठीं आहे.

पूर्वतयारी

शिक्षकानें आदल्या दिवशीं पुढील वस्तु जमवाव्या : एक मोसंबें, एक तांब्या पाणी, बर्फाचे कांहीं तुकडे, एक परात, प्लास्टिकच्या दोन पातळ पिशव्या, पावशेर वनस्पति तूप आणि एक घोंगडी. चित्रें मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास फळ्यावर खडूनें काढलेली ओबडधोबड आकृतिही पुरेशी होते.

१. थंडीचे दोन मुलुख

मोसंबें हातांत धरून मुलांस सांगावें कीं, पृथ्वी अशी वाटोळी आहे. देठाच्या बाजूस उत्तर ध्रुव व त्याच्या उलट बाजूस दक्षिण ध्रुव. या दोन्ही ठिकाणीं सूर्याचे किरण फार तिरपे पडतात. आपल्या येथेंही सकाळचें तिरपें ऊन कोंवळें असतें व दुपारचें डोक्यावरचें ऊन चटका देतें, हें मुलांस अनुभवानें ठाऊक आहे. ध्रुवांकडे ऊन नेहमींच तिरपें. हिवाळ्यांत तर तेंही नाहीं.

परंतु हे दोन मुलुख एकसारखे नाहींत. उत्तरेस मध्यें समुद्र आहे व त्याच्या भोंवतीं जमीन आहे. तो समुद्र थंडीनें गोठतो व त्याच्यावर बर्फाचा थर तरंगतो. दक्षिणेस याच्या उलट मध्यें जमीन आहे व भोंवतीं समुद्र आहे. त्या भूमीस अंटार्क्टिका म्हणतात. तिच्यावर सांचलेल्या बर्फाची जाडी सरासरीनें सुमारें २ किलोमीटर भरते. १९८३ सालीं तेथील व्होस्तोक या ठाण्यावर शून्याखालीं ८९.२ अंश सेल्सिअस इतकी थंडी मोजण्यांत आली.

आतां मुलांस एक प्रश्न टाकावा : पांढरें अस्वल पेंग्विन पक्ष्यास कां खात नाहीं? मुलें नाना तऱ्हेचीं उत्तरें देतील. खरें उत्तर असें कीं, रानांत त्यांची कधीं गांठच पडत नाहीं. पांढरें अस्वल उत्तरेकडचें, व बर्फावरचा पेंग्विन दक्षिणेकडचा. कित्येक चित्रांत व जाहिरातींत हीं दोघें एकाच बर्फावर शेजारीं उभीं दाखविलेलीं असतात. तीं चित्रें खोटीं आहेत.

२. बर्फ तरंगतो, हा केवढा उपकार

तांब्यांतील पाण्यांत बर्फाचा तुकडा टाकावा. तो बुडत नाहीं, हें सर्वांस दिसेल. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु हिमप्रदेशांतील सारें जीवन हिच्यावर अवलंबून आहे. बहुतेक पदार्थ घट्ट झाले म्हणजे जड होतात व आपल्याच द्रवांत बुडतात. पाणी मात्र गोठलें कीं हलकें होतें. त्यामुळें समुद्राचा वरचा थर गोठला तरी खालीं पाणी पाणीच राहतें, व वरचा बर्फ छपराप्रमाणें त्याचें रक्षण करितो. बर्फ जर बुडत असता, तर तळापासून वरपर्यंत थरावर थर सांचत गेले असते, व मासे राहते कोठें?

या छपराच्या खालच्या अंगास व भोंवतालच्या पाण्यांत अतिशय सूक्ष्म वनस्पति वाढतात. त्या खाऊन क्रिल नांवाचा कोळंबीच्या जातीचा बोटभर जीव जगतो. आपल्या बाजारांत सुका जवळा मिळतो, तो त्याचा धाकटा भाऊबंद आहे असें सांगितल्यास मुलांच्या लक्षांत येईल. अंटार्क्टिकाभोंवतींच्या समुद्रांत हा क्रिल प्रचंड संख्येनें असतो. पेंग्विन, सील व महाकाय देवमासेही त्यावर पोसले जातात. जगांतील सर्वांत मोठा प्राणी जो निळा देवमासा, त्याचें पोट बोटभर जीवावर भरतें!

३. घोंगडी आणि तूप

घोंगडी एखाद्या मुलाच्या अंगावर घालावी व विचारावें, घोंगडी स्वतः गरम असते काय? नाहीं. रात्रभर खुंटीवर टांगलेली घोंगडी गारच असते. ती आपल्या शरीराची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, इतकेंच. लोकरीच्या तंतूंमध्यें हवा अडकून राहते व ती हवा उबेस अडविते. पांढऱ्या अस्वलाचे दाट केस व पक्ष्यांचीं पिसें हेंच काम करितात. अस्वलाचे केस पांढरे दिसतात, परंतु त्यांखालील त्याची कातडी काळी असते, हें मुलांस नवल वाटेल.

आतां दुसरा प्रयोग. एका पिशवींत वनस्पति तूप भरावें. दुसरी रिकामी पिशवी मुलाच्या हातावर चढवून तो हात तुपाच्या पिशवींत घालावा, म्हणजे हाताभोंवतीं चोहोंकडून तूप येईल पण हात बरबटणार नाहीं. दुसरा हात उघडाच ठेवावा. मग दोन्ही हात परातींतील बर्फाच्या पाण्यांत बुडवावयास सांगावें. उघडा हात तें मूल लवकरच बाहेर काढील. तुपांतला हात मात्र पुष्कळ वेळ राहील. सील, देवमासा व अस्वल यांच्या कातडीखालीं चरबीचा असाच जाड थर असतो. अस्वलाचा थर कांहीं ठिकाणीं १० सेंटीमीटरांपर्यंत भरतो. ही चरबी त्यांची घोंगडीही आहे व कणगीही आहे. शिकार मिळेनाशी झाली कीं तिच्यावरच दिवस काढावयाचे.

मादी अस्वल तर बर्फांत बीळ कोरून भर हिवाळ्यांत तेथेंच वितें. बहुधा दोन पिलें होतात. जन्मतांना प्रत्येकाचें वजन अर्ध्या किलोहून थोडेंसेंच अधिक असतें. कित्येक महिने आई कांहींएक खात नाहीं, व आपल्या अंगच्या चरबीवर पिलांस दूध पाजून वाढविते.

दक्षिणेकडे वेडेल नांवाचा सील आहे. त्यास पाण्यांत शिकार करावी लागते, पण श्वास मात्र हवेंतूनच घ्यावा लागतो. वरचें छप्पर गोठलेलें; मग तो करितो काय? आपल्या दांतांनीं बर्फ खरवडून तो श्वासाचीं भोंकें उघडीं ठेवितो. उत्तरेकडील कोल्ह्याचे कान आंखूड असतात, कारण मोठ्या कानांतून ऊब लवकर निघून जाते. त्याच्या तळपायांसही केस असतात, व त्याच्या अंगाचा रंग ऋतूप्रमाणें बदलतो : हिवाळ्यांत बर्फासारखा पांढरा व उन्हाळ्यांत मातीसारखा तपकिरी.

मुलें विचारतील, पेंग्विनाचे पाय तर उघडे असतात; ते कसे गोठत नाहींत? त्याच्या पायांत खालीं जाणाऱ्या ऊन रक्ताच्या नळ्या व वर येणाऱ्या गार रक्ताच्या नळ्या एकमेकींस लागून असतात. ऊन रक्त जातां जातां आपली ऊब गार रक्तास देऊन टाकितें. त्यामुळें पायांतून फार ऊब बाहेर जात नाहीं, व शरीरास परत येणारें रक्तही फार गार नसतें.

४. बापाच्या पायांवरील अंडें

सम्राट पेंग्विन हा पेंग्विनांत सर्वांत मोठा. उभा राहिला म्हणजे तो आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या छातीपर्यंत येईल. त्याची मादी अंटार्क्टिकाच्या हिवाळ्याच्या तोंडीं एकच अंडें घालिते, तें नराच्या स्वाधीन करिते, व अन्नासाठीं समुद्राकडे निघून जाते. नर तें अंडें आपल्या पावलांवर घेतो व पोटाच्या कातडीची घडी त्यावर पांघरितो. अंडें बर्फावर निसटलें कीं थोड्याच वेळांत आंतला जीव मरतो. म्हणून सुमारें दोन महिने नर त्यास पायांवरून खालीं ठेवीत नाहीं. जोडी जमल्यापासून मादी परत येईपर्यंत जवळजवळ चार महिने त्याच्या पोटांत अन्न नसतें.

वादळ सुटलें म्हणजे हे शेंकडों नर एकमेकांस खेटून उभे राहतात. बाहेरच्या कडेचे हळूहळू आंत सरकतात व आंतले बाहेर येतात. म्हणून वाऱ्याचा सर्व मारा एकावरच पडत नाहीं. पक्षी हें विचार करून करितात असें म्हणूं नये. त्यांच्या ठायीं ती बुद्धि जन्मतःच ठेविलेली आहे. परंतु लहानशा मंडळींत एकाच कुटुंबानें सर्व भार वाहावा व इतरांनीं आंत ऊब घेत बसावें, अशी स्थिति जेथें असेल, तेथें या पक्ष्यांची आठवण अवश्य करावी.

५. मुंबईचे पेंग्विन

आपल्या खेड्यांतील कांहीं मुलें नातलगांबरोबर मुंबईस जाऊन भायखळ्याचा राणीचा बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पाहून आलेलीं असतात. तेथें २०१६ च्या जुलै महिन्यांत दक्षिण कोरियांतील सेऊलहून आठ पेंग्विन आणिले, व २०१७ च्या मार्चपासून ते लोकांस दाखवूं लागले. अशीं मुलें वर्गांत म्हणतील, "आम्हीं बर्फावरचे पक्षी पाहिले." येथें शिक्षकानें सावध असावें. तो पक्षी बर्फावरचा नव्हे. ते हम्बोल्ट जातीचे पेंग्विन असून त्यांचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील पेरू व चिली या देशांचा समुद्रकिनारा होय. तेथें समुद्राचा प्रवाह गार आहे, पण किनाऱ्यावर बर्फ नाहीं. मुंबईस त्यांच्यासाठीं जी खोली बांधली आहे, तींतील हवा सुमारें १६ ते १८ अंश ठेवितात. वढूची पौषांतील पहाट पुष्कळदां याहून गार असते!

तरीही ही थोडीशी गारवी यंत्रांनीं अहोरात्र राखावी लागते, पाणी शुद्ध करावें लागतें, मासे पुरवावे लागतात. आणिलेल्या आठांपैकीं एक पक्षी त्याच वर्षीं मेला. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं तेथें एक पिलूं अंड्यांतून बाहेर आलें, तें आठवडाभरांत मेलें. पुढें २०२१ सालीं जन्मलेलीं पिलें मात्र वाढलीं. एका पक्ष्यास त्याच्या जागेबाहेर जगवावयाचें म्हणजे ती जागाच विजेनें व पैशानें पुन्हां उभारावी लागते. देवानें जी जागा फुकट दिली, तिचें मोल यावरून कळतें.

हा खुलासा मुलांस करावयाचा तो केवळ चूक सुधारण्यासाठीं नव्हे. जें मूल आपल्याकडून पक्ष्याविषयीं असत्य शिकलें, तें पुढें मोठ्या शाळेंत खरें समजल्यावर म्हणेल, "आमच्या धर्मशिक्षकांनीं सांगितलेलें इतर तरी खरें कशावरून?" म्हणून लहान गोष्टींतही सत्यच सांगावें. ज्यास आपण सत्याचा साक्षी म्हणवितों, त्याच्या तोंडीं नवलाईसाठीं रचलेली गोष्ट शोभत नाहीं.

६. हिमदेशाचे पाहुणे आपल्या भीमेवर

बर्फांतील प्राणी पाहण्यास ध्रुवावरच जावें लागतें असें नाहीं. आपल्याच देशांत लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम व अरुणाचल येथें उंच पर्वतांत हिमबिबट्या राहतो. २०२४ च्या जानेवारींत सरकारनें प्रसिद्ध केलेल्या गणनेप्रमाणें भारतांत त्यांची संख्या ७१८ असून त्यांपैकीं ४७७ लडाखांत आहेत. त्याचें शेपूट लांब व झुबकेदार असतें. कड्यांवरून उडी मारतांना तें तोल सांभाळितें, व निजतांना तेंच तोंडावर पांघरूण होतें.

याहून जवळचें उदाहरण आपल्या नदीवरच आहे. वढूजवळून वाहणारी भीमा पुढें दौंडावरून उजनीच्या जलाशयास मिळते. तेथें भिगवणच्या बाजूस हिवाळ्यांत पट्टकदंब नांवाचे हंसजातीचे पक्षी येतात. त्यांचें डोकें पांढरें असून त्यावर दोन काळे पट्टे असतात. लडाख, तिबेट व मंगोलिया येथील उंच सरोवरांच्या कांठीं उन्हाळ्यांत हे अंडीं घालितात. हिवाळ्यांत तीं सरोवरें गोठतात, तेव्हां हे पक्षी हिमालय ओलांडून दक्षिणेस येतात. कांहीं पक्षी ७,००० मीटरांहून अधिक उंचीवरून उडाल्याचें मोजमाप झालें आहे. तेथील विरळ हवेंतूनही त्यांचें रक्त पुरेसा प्राणवायु ओढून घेतें.

ज्या मुलांस शक्य असेल त्यांस मार्गशीर्ष-पौषांत तेथें नेऊन हे पाहुणे दाखवावे, व एक शिस्त शिकवावी : पाहुण्यास दगड मारावयाचा नाहीं, त्याच्यासाठीं फांस लावावयाचा नाहीं.

७. छप्पर पातळ होत आहे

मोठ्या मुलांस एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. पृथ्वीवरील उष्णता वाढत आहे. कोळसा व तेल जाळून निघणारा वायु हवेंत सांचतो व तो घोंगडीप्रमाणें पृथ्वीची ऊब अडवून धरितो. त्यामुळें उत्तरेच्या समुद्रावरील उन्हाळ्यांतील बर्फ गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ कमी झाला आहे. पांढरें अस्वल सीलांची शिकार त्या बर्फावर उभें राहूनच करितें. बर्फ लवकर गेला कीं त्यास उपास पडतो.

दक्षिणेकडे २०२२ सालीं बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या भागांत सम्राट पेंग्विनांच्या पांच वसाहतींपैकीं चार वसाहतींखालचा बर्फ वेळेपूर्वींच फुटला. पिलांस पाण्यांत टिकणारीं पिसें तोंपर्यंत फुटलेलीं नव्हतीं. त्या चार वसाहतींतील बहुधा एकही पिलूं वांचलें नाहीं. बापानें चार महिने उपाशी राहून जें जपलें, तें पायांखालची जागाच गेल्यामुळें गेलें.

८. मनुष्याविषयीं एक सावधगिरी

येथें पाठाचा शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. अस्वल बर्फासाठीं घडलेलें आहे, उंट वाळूसाठीं घडलेला आहे, असें शिकवितांना कोणी मूल अथवा कोणी मोठा मनुष्य म्हणेल, "तसेंच मनुष्याचेंही आहे, ज्यानें त्यानें आपल्या जन्माच्या जागीं राहावें." बंधूंनो, हें बोलणें क्षणभरही खपवून घेऊं नका. अमक्या कुळांत जन्म म्हणून अमकीच वस्ती व अमकेंच काम, असें आपल्या वाडवडिलांस पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें, व त्याचा जाच त्यांनीं सोसला. पशूच्या अंगावर त्याच्या जागेची खूण असते. मनुष्याच्या अंगावर तशी खूण देवानें कोठेंही केलेली नाहीं. त्यास त्यानें आपल्या प्रतिरूपाप्रमाणें निर्माण केलें आहे.

याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलेंच द्यावें. नागपूरसारख्या कडक उन्हाच्या शहरीं जन्मलेल्या डॉ. अदिती पंत पुणें विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, परदेशीं समुद्रविज्ञान शिकल्या, व गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत काम करूं लागल्या. १९८३ सालीं निघालेल्या भारताच्या तिसऱ्या मोहिमेंत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर त्या अंटार्क्टिकास गेल्या. भारताच्या मोहिमेंतून त्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया या दोघी होत. समुद्रांतील ज्या सूक्ष्म वनस्पतींवर क्रिल जगतो, त्या वनस्पति हाच अदितीबाईंच्या अभ्यासाचा विषय होता. आपल्या देशाची पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरांत गोव्याहूनच निघाली होती. आज तेथें भारताचीं मैत्री व भारती हीं ठाणीं आहेत.

अंगावर केस नाहींत, कातडीखालीं पुरेशी चरबी नाहीं, तरी मनुष्य तेथें गेला. कारण त्यास बुद्धि दिली आहे. ज्यास कोठेंही जातां येतें, त्यास कोठचीही जागा बिघडवितांही येते व जपतांही येते. अस्वलास आपला बर्फ राखतां येत नाहीं; तो राखणें मनुष्याच्या हातीं आहे. उत्पत्तीच्या पुस्तकांत मनुष्यास प्राण्यांवर अधिकार दिला आहे तो कारभाऱ्याचा आहे, व कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो.

मुलें विचारतील, "वढूच्या मुलानें ध्रुवावरच्या बर्फासाठीं काय करावें?" त्यांस सांगावें : विनाकारण दिवा जळूं देऊं नये, कचरा नदींत टाकूं नये, लाविलेलें झाड जगवावें, आणि शाळा सोडूं नये. यांतील पहिल्या तीन गोष्टी लहान आहेत. चवथी लहान नाहीं.

मुलांस विचारावयाचे प्रश्न

१. पांढरें अस्वल व सम्राट पेंग्विन यांची गांठ कां पडत नाहीं?
२. बर्फ पाण्यांत बुडत असता तर काय झालें असतें?
३. घोंगडी गरम नसतांना आपल्यास ऊब कशी वाटते? अस्वलाच्या अंगावर घोंगडीचें काम कोण करितें?
४. मुंबईचे पेंग्विन मूळचे कोठचे? ते बर्फावर राहतात काय?
५. पट्टकदंब आपल्या भीमेवर कोणत्या ऋतूंत व कां येतात?
६. प्राणी जागेस बांधलेला आहे, मनुष्य नाहीं. मग जागा राखण्याचें काम कोणाचें?

शेवटीं लहानशी प्रार्थना करावी. जे प्राणी आपण कधीं पाहणार नाहीं त्यांच्यासाठीं उपकार मानावे, व मुलांपैकीं एकास स्वतःच्या शब्दांत ती प्रार्थना करूं द्यावी.